मी कोणाच्या बाजूने रडले?

2018 साली चीनमध्ये एकच सम्राज्ञी महिन्याभराच्या अंतराने दोनदा पडद्यावर आली. 19 जुलैला सुरू झालेल्या ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’मध्ये ती खलनायिका होती. आवाज मऊ, चाल संथ, आणि वाटेत येईल त्याचा काटा काढणारी. 20 ऑगस्टला ‘रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस’ सुरू झाली, तेव्हा तीच बाई नायिका झाली होती. तिच्यावर खोटे आळ येतात, मुलं दगावतात, नवरा हळूहळू परका होत जातो. काळ तोच, महाल तोच, नवराही तोच, छिंग घराण्याचा सम्राट छ्येनलुंग. पहिल्या मालिकेत तिची एकदाची जिरावी म्हणून मी जागरणं केली. दुसरीत तिच्यासाठी रडले. दोन्ही वेळी न्याय आपल्याच बाजूला आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आता ती शंका येते आहे. मालिकेचे गुणदोष सांगायला बसले, की ते सांगणाऱ्या माझेही गुणदोष त्यात येऊन बसतात.

खऱ्या सम्राज्ञीविषयी कागदोपत्री फार थोडं उरलं आहे. ती नारा कुळातली. 1750 मध्ये सम्राज्ञी झाली. 1765 मध्ये सम्राटाच्या चौथ्या दक्षिण दौऱ्यात, हांगचौच्या मुक्कामी काहीतरी बिनसलं आणि तिला तडकाफडकी बीजिंगला परत पाठवलं गेलं. पुढच्याच वर्षी ती गेली. अंत्यविधी सम्राज्ञीच्या इतमामाने झाला नाही, एक पायरी खालच्या राणीच्या इतमामाने झाला. स्वतंत्र थडगंही मिळालं नाही, दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात जागा मिळाली. 1778 च्या एका फर्मानात सम्राटाने कारण दिलं ते एवढंच, की तिने स्वतःचे केस कापले. मांचू रीतीप्रमाणे राणीवशातल्या बायकांनी केस कापायचे ते सम्राट किंवा त्याची आई गेल्यावर. नवरा जिवंत असताना केसांना कात्री लावणं म्हणजे तो आपल्यापुरता मेला, असं जाहीर करणं. ज्याच्या घराण्यात दोन-चार पिढ्यांमागे केशवपन झालेली एखादी आजी-पणजी होती, त्या मराठी माणसाला या कृतीचं वजन समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे कात्री तिच्याच हातात होती.

तिने ते का केलं, हे फर्मान सांगत नाही. दोन्ही मालिका त्या रिकाम्या जागेत उभ्या आहेत. एकीने तिथे महत्त्वाकांक्षा आणि वैफल्य भरलं, दुसरीने मोडलेलं प्रेम. मला दोन्ही पटलं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी गुणांबद्दल, कारण ते खरे आहेत. ‘रुयी’ 87 भागांची आहे. दिग्दर्शन वांग जूनचं, लेखन ल्यू ल्येनत्झचं. 2011 च्या गाजलेल्या ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ची कादंबरीही याच लेखिकेची. ‘रुयी’ फार संथ आहे ही तिच्यावरची सर्रास तक्रार, आणि मधल्या वीसेक भागांपुरती ती रास्तही आहे. एक कारस्थान संपलं की दुसरं, एकीचा गर्भ गेला की दुसरीचा, वैद्य आला, धूपदाणी तपासली, दासीला फटके बसले. पण लग्न कसं मोडतं हे दाखवायला तो संथपणा लागतो. सम्राट एका भागात वाईट होत नाही. एकदा तो तिच्यावर विश्वास ठेवायला उशीर करतो. एकदा विश्वास आहे असं म्हणतो, पण चौकशी थांबवत नाही. एकदा चूक कळूनही माफी मागत नाही, त्याऐवजी भेटवस्तू पाठवतो. यातलं कुठलंच कारण एकट्याने पुरेसं नाही. लहानपणी दोघांनी मिळून ऐकलेल्या जुन्या प्रेमनाट्यातल्या गाण्याची ती आठवण काढते तेव्हा सुरुवातीला त्याचा चेहरा उजळतो, नंतर नंतर तो नुसता थकलेला दिसतो. प्रेमकथा म्हणून सुरू झालेली मालिका प्रेम संपण्याची गोष्ट होते आणि त्याबद्दल सारवासारव करत नाही, हे तिचं मोठं बळ.

रुयीचं काम करणारी जोउ शुन चित्रीकरणाच्या वेळी चाळिशी ओलांडलेली होती. पहिल्या भागांत ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसारखी मान वेळावते, ओठ मुडपते, तेव्हा पाहणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. हा निवडीतला दोष आहे आणि तो झाकता येत नाही. पण पन्नासाव्या भागानंतर तोच चेहरा कामाला येतो. डोळ्यांखालचा थकवा रंगवावा लागत नाही. नवऱ्याचं बोलणं ऐकताना ती काहीच करत नाही, आणि त्या काहीच न करण्यात वीस वर्षांचा संसार दिसतो.

मालिकेचा आणखी एक गुण म्हणजे सत्ता वस्तूंतून दाखवणं. छ्येनलुंगची पहिली सम्राज्ञी सवतींना सोन्याची सुबक कडी भेट देते आणि त्या कड्यांत गर्भ राहू नये म्हणून औषध लपवलेलं असतं. बाई ते कडं कौतुकाने वर्षानुवर्षं मनगटावर मिरवते. राजवाड्यात कोणाला किती मांस, किती मेणबत्त्या, हिवाळ्यात किती कोळसा, हे दर्जाप्रमाणे ठरलेलं असायचं, ते प्रत्यक्ष छिंग दरबारातही तसंच होतं. त्या कोळशावरून मालिकेत एक प्रसंग आहे. हायलान ही खालच्या दर्जाची, भित्री, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली राणी. ती ज्या वरिष्ठ राणीच्या महालात राहते तिच्या वाट्याचा, धूर न करणारा उंची कोळसा चोरल्याचा आळ तिच्यावर येतो. बर्फात तिला मारहाण होते. रुयी मध्ये पडते आणि तिला सोडवते. तेवढ्या एका कृतीने हायलान जन्मभराची तिची होते.

इथून पुढचं मी पहिल्यांदा नीट पाहिलंच नाही, असं आता वाटतं. रुयीवर गर्भवती राण्यांना विष दिल्याचा खोटा आळ येतो आणि तिची रवानगी थंड महालात होते. थंड महाल म्हणजे नकोशा झालेल्या राण्यांची अडगळ. तिला बाहेर काढण्याच्या धडपडीत हायलान बदलत जाते. त्या पहिल्या सम्राज्ञीच्या लहान मुलाला दम्याचा त्रास असतो. त्याच्या पांघरुणात तंतू सोडणारं, श्वास कोंडणारं गवती बोंड भरलं जातं, आणि त्यामागे हायलान असते. मूल जातं. इतिहासातही सम्राज्ञीचा हा मुलगा लहानपणीच, 1738 मध्ये गेला, पण आजाराने. मालिकेने त्या मरणाला एक हात दिला, आणि तो हात माझ्या आवडत्या पात्राचा.

हा प्रसंग पाहताना मला काय वाटलं? मुलाचं वाईट वाटलं, पण ते वरवर. आतून वाटलं ते हे, की आता रुयी सुटेल. आठ वर्षांचं पोर माझ्या मनात तिच्या सुटकेच्या खर्चात मांडलं गेलं होतं. आणि गंमत अशी, की रुयीचे हात स्वच्छच राहिले. मालिकेत तिला कधीच स्वतः घाणीत हात घालावे लागत नाहीत. त्यासाठी हायलान आहे. सज्जन नायिकेला सज्जन ठेवायचं आणि तिच्या शत्रूंचा बंदोबस्तही व्हायला हवा, तर तिच्यावर जीव टाकणारी, पाप करायला तयार असलेली मैत्रीण लागते. ही लेखनातली सोय आहे, आणि माझ्या मते मालिकेतला सगळ्यात मोठा दोष हाच. तो मला खटकला नाही, कारण तीच सोय मलाही हवी होती. मलाही रुयी निष्पाप हवी होती आणि तिचे शत्रू मेलेलेही हवे होते.

दुसरा दोष त्याहून खोल जातो. मालिकेतली मुख्य खलनायिका वेई येनवान ही राजवाड्यातली दासी. आधी ती कपड्यांच्या कोठीत, मग फुलांच्या बागेत कामाला असते. एका वरिष्ठ राणीच्या हाताखाली ती वर्षानुवर्षं छळ सोसते. ज्या पहारेकऱ्यावर तिचं मन होतं त्याच्याबरोबर गरिबीत दिवस काढण्याची तिची तयारी नाही. ती वर चढायचं ठरवते, आणि चढताना एकेक माणूस पायाखाली घेते. रुयीचा विश्वासघात करणारी पहिली बाईही दासीच. रुयी मात्र मोठ्या घराण्यातली. तिची आत्या आधीच्या सम्राटाची सम्राज्ञी. तिला महत्त्वाकांक्षा असण्याचं कारणच नाही, सगळं तिच्यापर्यंत चालत येतं आणि ती ते सोसते. मालिकेच्या नैतिकतेत वरच्या बाईची शांतता हा गुण आणि खालच्या बाईची भूक हा गुन्हा.

‘यान्शी पॅलेस’ने हेच उलटं केलं. तिथे वेई कुळातलीच दासी नायिका आहे. नाव वेई यिंगलुओ, जिभेने तिखट, बहिणीच्या मृत्यूचा सूड घ्यायला महालात शिरलेली. तिथे भूक हा गुण झाला, आणि आधी सालस असलेली नारा सम्राज्ञी घरच्यांच्या मरणाने खचून विषारी झाली. या दोन्ही पात्रांमागची खरी बाई एकच. साध्या चाकर घराण्यातून आलेली, 1775 मध्ये वारलेली, आणि मुलाला वारस म्हणून जाहीर केल्यावर 1795 मध्ये मरणोत्तर सम्राज्ञीपद मिळालेली. तिचा मुलगा पुढे च्याछिंग सम्राट म्हणून गादीवर बसला. तिने कोणाला मारलं, याचा इतिहासात मागमूस नाही. पण मी तिला एका मालिकेत टाळ्या दिल्या आणि दुसरीत शिव्या.

प्रेक्षकाने नायिकेच्या बाजूने असणं यात काय वावगं, असं कोणी म्हणेल. वावगं काहीच नाही. गोष्ट तशीच चालते. पण बाजू घेतली एवढ्यावर माझं भागलं नाही. माझी बाजू पुराव्यांवर उभी आहे, असं मी स्वतःला सांगत होते. चार जणांत बोलताना मी ‘येनवानचा स्वभावच तसा’ असं म्हटलं आहे, एखाद्या ओळखीच्या बाईबद्दल बोलावं तसं. स्वभाव मी कुठे पाहिला होता? कॅमेरा जिच्या दालनात जास्त वेळ थांबला, तिची कारणं मला कळली. जिच्या दालनात तो थांबला नाही, तिची फक्त कृत्यं कळली. शेजारणीबद्दल, नातलगांबद्दल, कार्यालयातल्या नावडत्या बाईबद्दल माझी मतं बनतात तीही बहुतेक याच मापाने. जिचं ऐकून घेतलं तिला परिस्थिती असते, जिचं ऐकलं नाही तिला स्वभाव.

तिसरा दोष इतिहासाच्या अंगाने. उत्तरार्धात हान श्यांगज्येन नावाची सुंदर, उदास स्त्री दरबारात येते. तिचा प्रियकर मेला आहे, तिला सम्राट नको आहे, आणि सम्राट तिच्यापायी वेडा झाला आहे. तिच्या टोळीला मालिकेने एक काल्पनिक नाव दिलं आहे. हे पात्र बेतलं आहे ते रोंग राणीवर, जिला लोककथांनी ‘सुगंधी राणी’ केलं. ती आजच्या शिन्ज्यांगमधल्या मुस्लिम घराण्यातली होती आणि 1760 मध्ये, छिंग फौजांनी तो मुलूख जिंकल्याच्या दुसऱ्याच वर्षी, दरबारात आली. त्याआधीच्या मोहिमेत त्याच फौजांनी झुंगार लोकांची अशी कत्तल केली, की ते लोक म्हणून जवळपास नाहीसे झाले. टोळीचं नाव बदललं की हे सगळं पडद्याआड जातं. उरते ती एक उदास सुंदरी आणि एक हळवा सम्राट. मी तिच्या प्रियकरासाठी हळहळले. ज्या युद्धापायी तो मेला ते कोणाचं होतं आणि कशासाठी, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. छ्येनलुंगकडून मी फक्त एका नवऱ्याचा हिशोब मागत होते, राज्यकर्त्याचा नाही.

आणि नवरा म्हणूनही मालिका शेवटी त्याला सोडवते. रुयी क्षयाने जाते, तो तिचं नावनिशाण पुसायला लावतो, आणि तरी अखेर तोच म्हातारा सम्राट तिच्या आठवणीने व्याकूळ होऊन मरतो. लग्न मोडताना इतका कठोर प्रामाणिकपणा दाखवणाऱ्या मालिकेला शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी हवंच होतं. ते पाणी पाहून माझाही राग निवळला. बाई जिवंत असेपर्यंत तिला छळावं आणि ती गेल्यावर रडून मोकळं व्हावं, या सौद्याला मी इतक्या सहज कशी मान्यता दिली? उत्तर कडू आहे. मला त्या प्रेमकथेत सत्याहून समाधान जास्त हवं होतं.

या मालिकांवर चिनी सरकारी माध्यमांनीही हत्यार उपसलं. ‘यान्शी पॅलेस’ 2018 मध्ये गुगलवर जगभरात सर्वाधिक शोधली गेलेली टीव्ही मालिका होती. जानेवारी 2019 मध्ये ‘बीजिंग डेली’ने अशा दरबारी मालिकांची पापं मोजली: राजेशाही थाटाचं वेड लावतात, कारस्थानांनी समाज बिघडवतात, सम्राटांचे गोडवे गातात. मग वाहिन्यांनी पुनःप्रसारणं गुंडाळली. आरोपांतले काही शब्द माझ्या वरच्या तक्रारींशी जुळतात, म्हणून मी सावध होते. सरकारला खटकलं ते जनतेने काय शिकू नये हे, आणि माझा प्रश्न मी काय झाले हा आहे. तो प्रश्न मालिका बंद करून सुटत नाही. उलट पाहायलाच मिळाली नाही, तर तो पडणारही नाही.

घराजवळचीही एक गोष्ट इथे येते, कारण ती टाळली तर हे चिंतन परक्यांपुरतंच राहील. रात्री आठ-साडेआठच्या मराठी मालिकांतल्या सासू-सुनांच्या कारस्थानांना मी नाक मुरडते. दुधात काहीतरी मिसळणारी जाऊ दिसली की मी रिमोट शोधते. तेच मिसळणं भरजरी रेशमात, निळ्या शिरोभूषणांखाली झालं की मला ती अभिजात शोकांतिका वाटते. ती निळी शिरोभूषणं त्या काळी खंड्या पक्ष्याची पिसं चिकटवून बनवत. रंग इतका अप्रतिम, की त्यासाठी किती पक्षी मेले असतील हे मनात यायला मला पुष्कळ वेळ लागला. माझ्या अभिरुचीचा बराचसा भाग असा पोशाखावर चालतो, हे मान्य करायला हवं.

आणि आनंदीबाई. नारा सम्राज्ञी गेली त्यानंतर सात वर्षांनी, 1773 मध्ये, शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला हे मी शाळकरी वयात ऐकलं आणि त्याला पुरावा काय, हे कधी कोणाला विचारलं नाही. तो पुरावा किती तोकडा आहे, हे कळेपर्यंत ती माझ्या मनात पक्की झाली होती. माधवराव-रमाबाईंच्या गोष्टीवर आमची पिढी हळवी झाली, रमाबाईंच्या सती जाण्यालाही आम्ही प्रेमकथेची कोर लावली. त्याच वाड्यातली दुसरी बाई मात्र एका अक्षरापुरती उरली. बीजिंगच्या राजवाड्यातली खलनायिका एका वर्षात दोनदा तपासून पाहता येते, हे चिनी मालिकांनी दाखवलं. पुण्याच्या वाड्यातली बाई तशी पाहावी, असं मला आधी कधी वाटलंच नव्हतं. हा दोष वांग जूनचा नाही, ल्यू ल्येनत्झचाही नाही.

‘रुयी’ पाहावी का, असं कोणी विचारलं तर मी अजूनही पाहाच म्हणते. लग्नाचा ऱ्हास इतक्या बारकाईने फार थोड्या मालिकांनी दाखवला आहे, आणि नायिकेला विजय न देण्याचं धाडसही थोड्यांनीच केलं आहे. फक्त वेई येनवानच्या शिक्षेपाशी जरा थांबा. तिला विष पाजलं जातं, पण मरू दिलं जात नाही; वर्षानुवर्षं तडफडत ठेवलं जातं. मालिका हे दाखवते आणि पुढे जाते. ते तडफडणं आणखी थोडं दिसायला हवं होतं, असं मला वाटलं होतं. लेखिकेने तिथे हात आखडता घेतला होता. तिने न लिहिलेला उरलेला सूड मी माझ्या मनाने पुरा केला, आणि त्याचं खापर फोडायला मालिकेत दुसरं कोणीच नाही.